तुम्ही विचारलंत म्हणून: मी फोटो का कापते

'काय ओ ताई, पाय कुठं गेले?' अल्बम हातात पडला की हा प्रश्न येतोच. शालूचा काठ गेला, मंडपाचं तोरण गेलं, मामा अर्धेच आले. पैसे पूर्ण घेतले आणि फोटो अर्धा दिला, असा त्यामागचा सूर असतो. आजवर दोन वाक्यांत उत्तर देऊन मी विषय संपवत आले. फोटोग्राफरांनी काढलेले फोटो कापणं आणि सुधारणं हे माझं काम, म्हणून एकदा नीट सांगते.

बघणाऱ्याची नजर फोटोत आधी जास्त उजेडाकडे जाते, काळं आणि पांढरं जिथे एकमेकांना भिडतं तिथे जाते, आणि डोळे दिसले की त्यांच्यावर थांबते. आमच्या सोलापुरातल्या सिद्धेश्वर तलावाच्या काठावर भर दुपारी काढलेल्या फोटोत पाणी चेहऱ्यापेक्षा जास्त चमकतं. इंद्रभुवन इमारतीसमोर उभ्या केलेल्या नवरीच्या डोक्यातून खांब उगवतो. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेतली पांढरी बाराबंदी (बंदांचा पारंपरिक अंगरखा) नीट यावी म्हणून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतलेला उजेड, कमी ठेवलं की चेहरा काळवंडतो. फोटोग्राफरला त्या गर्दीत हे सगळं सांभाळता येत नाही आणि त्यात त्याचा दोष नाही. ते काम माझ्याकडे येतं.

मी फोटो आधी पोस्टाच्या तिकिटाएवढा करून बघते. एवढ्या लहान आकारात माणूस दिसला नाही, तर मोठ्यातही तो हरवणार. मग उलटा करते, म्हणजे ओळखीचा चेहरा मधे येत नाही आणि कुठली बाजू जड झाली आहे ते कळतं. त्यानंतर कापायला घेते. गुडघा, मनगट, घोटा अशा सांध्यावर कधीच नाही, तिथे कापलं की अवयव तुटल्यासारखा दिसतो. मांडीच्या मध्यावर कापलं तर खटकत नाही. माणूस ज्या बाजूला बघतोय तिकडे जागा जास्त ठेवते. कडेला एखादी बांगडी लकाकत असेल तर तिची चमक दाबते, कारण ती नजरेला फोटोबाहेर ओढते.

कापून मोठा केला तर फोटो फाटेल का, म्हणजे ठिपके दिसतील का, असंही विचारता. २४ मेगापिक्सेलचा आडवा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा असतो. त्यातून पूर्ण उंचीचा उभा चार-पाच प्रमाणातला तुकडा काढला तर ३२०० बाय ४००० उरतात. जवळजवळ निम्मे गेले, तरी दहा बाय बारा इंचाची प्रिंट स्वच्छ निघते. म्हणजे हरकत पिक्सेलची नसते. हरकत असते 'आमचं काहीतरी काढून टाकलं' याची, आणि ती मला कळते.

माझी यावरची मतं ज्या कामात पणाला लागली ते लग्नाचं नव्हतं. युनिफॉर्मचा कॅटलॉग होता. सोलापुरात शिवलेले युनिफॉर्म कुठे कुठे जातात ते तुम्हाला सांगायला नको. जूनच्या आधीचा सीझन होता. पांढरा पडदा, दोन सॉफ्टबॉक्स (मऊ उजेड देणारे दिवे), आणि मॉडेल म्हणून तिथल्याच एका शिलाई कामगाराचा मुलगा. सावळा, मोठ्या डोळ्यांचा. बहुतेक फ्रेममध्ये तो परेडला उभा असल्यासारखा ताठ होता. एकाच फ्रेममध्ये कुणीतरी बाजूने हाक मारली असावी; मान वळली, कॉलरची कड उभी राहिली आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं. ती मी मुखपृष्ठासाठी घेतली. कमरेच्या वर कापली, तो बघत होता त्या बाजूला मोकळी जागा ठेवली, चेहरा अर्धा स्टॉप (स्टॉप हे उजेड मोजायचं माप) उचलला, म्हणजे थोडा उजळला, शर्टाच्या घडीतल्या सावल्या थोड्या खोल केल्या. शिवण बोटाने चाचपता येईल इतकी स्पष्ट झाली. तो फोटो मला आजही आवडतो.

युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्याच्या मालकांनी तो पाहिला आणि कटिंग मास्तर, फोटोग्राफर, ऑफिसची मुलं अशा सगळ्यांसमोर विचारलं, "माझी पँट कुठाय?" मी सांगायला लागले की आतल्या पानांवर पूर्ण कपडा आहेच, मुखपृष्ठाने फक्त पान उलटायला लावायचं असतं. ते म्हणाले, "मी कापड विकतो, पोराचं तोंड नाही. आणि तोंडच दाखवायचं तर जरा उजळ तरी करायचं."

पायाचं मी मान्य केलं. बुटापर्यंत पूर्ण मुलगा, सगळ्या पानांवर एकाच उंचीचा, तसं करून दिलं. उजळ करायला नाही म्हटलं. कारणही सांगितलं, आणि ते धंद्याचंच होतं: पांढरा शर्ट उठून दिसतो तो सावळ्या मानेमुळे. मान उजळली की कॉलरची कड विरघळते आणि जे विकायचं तेच फिकं पडतं. मालकांनी ऐकून घेतलं आणि काम दुसरीकडे दिलं.

माझं गेलं त्याचं मला फार वाटलं नाही. पण ते काम फोटोग्राफरने आणलेलं होतं. त्याचा तो सीझनचा मोठा ग्राहक होता, आणि माझ्यासोबत त्याचंही काम तिथून सुटलं. जिन्यात त्याने मला विचारलं, "मॅडम, तत्त्व तुमचं, मग किंमत मी का मोजायची?" त्यानंतर त्याची फोटोंची मेमरी कार्डं माझ्याकडे आली नाहीत. त्याला द्यायला उत्तर नव्हतं. आजही नाही.

त्या आधीची मी फार ठाम होते. 'हार्पर्स बझार' या अमेरिकन फॅशन मासिकाचा कलादिग्दर्शक अ‍ॅलेक्सी ब्रोडोविच याने १९३४ ते १९५८ या काळात भल्याभल्या फोटोग्राफरांच्या चित्रांना कात्री लावली आणि पानावर कोरी जागा सोडली, त्यातून फॅशनची पानं बघायची सवयच बदलली, हे मी ऐकवत असे. कापणं म्हणजे निवडणं, ते प्रामाणिक. लिक्विफायने (फोटोशॉपमधलं आकार ताणायचं-दाबायचं साधन) कंबर बारीक करणं म्हणजे खोटं, अशी माझी सरळ विभागणी होती. कायद्यांचीही साधारण अशीच आहे. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलची शरीररेषा बदललेल्या जाहिरातीवर तसं छापावं लागतं. नॉर्वेत २०२२ पासून शरीराचा आकार किंवा त्वचा बदलली तर खूण लागते. कात्रीबद्दल दोन्हीकडे काही नाही.

आता ती विभागणी मला तितकी सरळ वाटत नाही. जून १९९४ मध्ये 'टाइम' आणि 'न्यूजवीक' या अमेरिकन साप्ताहिकांच्या मुखपृष्ठांवर खुनाच्या आरोपाखाली अटक झालेला कृष्णवर्णीय माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन याचा पोलिसांनी काढलेला एकच फोटो होता. 'टाइम'ने तो गडद केला, आणि शेजारी शेजारी ठेवल्यावर कुणालाही दिसलं की नुसत्या छटेने माणूस गुन्हेगार वाटायला लागतो. शरीररेषा कुणी हलवली नव्हती. मग मी त्या मुलाचा चेहरा अर्धा स्टॉप उचलला ते काय होतं? मी म्हणते, सॉफ्टबॉक्स अंगावर होता आणि चेहऱ्यावर कमी पडला होता, म्हणून तेवढाच भरून काढला. मालक म्हणाले असते, मग अजून एक स्टॉप उचलायला काय हरकत होती? मला दोन्हीतला फरक स्क्रीनवर दिसतो. तो आकड्यात मांडायला सांगितलं तर मी अडखळते.

कापण्याचंही तसंच. अर्धे आलेले मामा माझ्या लेखी कडेचं ओझं होते. त्या घरात मामांचा मान काय, ते मला फोटोवरून कळत नाही. म्हणून हल्ली कापलेल्या फोटोसोबत पूर्ण फ्रेमही देते. माझ्या डोळ्याला त्यातली एकच बरोबर वाटते, आणि कुठली ते मी सांगतेही. बरेच जण दुसरी निवडतात. मला वाईट वाटतं.

गोरं करून मिळणार नाही, हे मात्र काम घेतानाच सांगते. त्यावर वाद घालायला मी तयार आहे, बदलायला नाही. पण मी नाही म्हटलं की अजूनही कधी कधी कुणा फोटोग्राफरचं काम जातं. आधी सांगितल्याने ते थोडं कमी झालं, थांबलं नाही, आणि यावर मला तोड सापडलेली नाही.