सोन संग्रहालयात होगार्थची निवडणूक

लंडनच्या होबर्न स्टेशनवर उतरून लिंकन्स इन फील्ड्सकडे थोडं चाललं की 13 नंबरचं घर लागतं. वास्तुविशारद सर जॉन सोन इथे राहत. आता ते संग्रहालय आहे. प्रवेश मोफत, सोमवार-मंगळवार बंद. खोल्या अरुंद असल्याने मोठी सॅक नेऊ नका.

अठराव्या शतकातला इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थ याची निवडणुकीवरची चार तैलचित्रं चित्रदालनात आहेत. खोली जेमतेम चार मीटरची, पण भिंतींवरच्या फळ्या बिजागऱ्यांवर दारासारख्या उघडतात, म्हणून शंभरावर चित्रं तिथे मावतात. फळ्या कर्मचारीच उघडतात. बंद असतील तर पुन्हा कधी उघडणार ते विचारून घ्या, नाहीतर निम्मी चित्रं न पाहताच परताल.

चित्रांमागे 1754ची ऑक्सफर्डशायरची निवडणूक आहे. टोरी आणि व्हिग हे तेव्हाचे दोन पक्ष: टोरींची निळी निशाणं, व्हिगांची नारिंगी. जागा दोन, उमेदवार चार. निवडणूक घेणाऱ्या अधिकाऱ्याने, शेरिफने, चौघांनाही विजयी म्हणून कळवलं आणि 1755मध्ये संसदेने जागा व्हिगांना दिल्या.

माझ्या मते सुरुवात तिसऱ्या चित्रापासून, मतदानापासून करावी. लाच का चालायची, ते इथेच कळतं. मतदार पायऱ्या चढून सर्वांसमोर तोंडी मत देतो, कारकून लिहून घेतो. पुढे मतदारांच्या याद्या कोणी कोणाला मत दिलं यासकट छापल्याही जात. पैसे देणाऱ्याला माल मिळाला की नाही, हे तपासता येई. कुळाला जमीनदारापासून काही लपवता येत नसे. गुप्त मतदान आलं थेट 1872मध्ये. पायऱ्यांवर हात गमावलेला सैनिक हाताच्या जागी लावलेला आकडा (हूक) बायबलवर ठेवून शपथ घेतोय आणि ती ग्राह्य की नाही यावर वकील भांडताहेत. त्याच्यामागे मरणासन्न माणसाला घोंगडीत गुंडाळून आणलंय. मागे ब्रिटानियाची, म्हणजे स्त्रीरूपातल्या ब्रिटनची, बग्गी मोडायला आलीय आणि गाडीवान पत्त्यांत दंग आहेत.

मग दुसऱ्याकडे या. मधल्या शेतकऱ्याच्या दोन्ही बाजूंना दोन पक्षांचे खानावळवाले. दोघांचेही हात पाहा, लाच पुढे करताहेत. उमेदवार सज्जातल्या बायकांसाठी फेरीवाल्याकडून चीजवस्तू घेतोय. हीही लाचच, फक्त नाण्यांची नाही.

पहिल्या चित्रात व्हिगांची मेजवानी आहे. कालव खाऊन कोसळलेल्या महापौराचं उपचार म्हणून रक्त काढणं चाललंय. जमिनीवरच्या फलकावर अकरा दिवस परत मागितलेत: 1752मध्ये पंचांग बदलताना 2 सप्टेंबरनंतर थेट 14 तारीख आली होती. लाच नाकारणाऱ्या शिंप्याला बायको झापतेय, शेजारी पायात धड जोडाही नसलेलं पोर. होगार्थ पैसे घेणाऱ्याची गरजही दाखवतो, आणि मला त्याचं मोठेपण यातच वाटतं.

चौथ्यात विजयी उमेदवाराची खुर्ची खांद्यांवरून कलंडतेय.

फलकांवरची अक्षरं वाचायची तर या चित्रांचे 1755 ते 1758 दरम्यान निघालेले कोरीव छाप आधी पाहून जा. लोकांपर्यंत हा उपहास पोचला तो या छापांमधूनच. मूळ चित्रं अभिनेता डेव्हिड गॅरिकने विकत घेतली आणि 1823च्या लिलावात ती सोनकडे आली.