आमची वाटचाल : अटॅचमेंट नक्की उघडली कोणी?

2018 च्या ऑगस्टात पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर चोरीत 94 कोटी गेले आणि ऑक्टोबरात रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट काढली. तोवर आमच्या दोन माणसांच्या दुकानाला कोणी चहासुद्धा विचारत नव्हतं. मग फोन यायला लागले. बँकेच्याच सांगण्यावरून तिच्या माणसांना खोट्या फिशिंग, म्हणजे फसवणुकीच्या, मेल पाठवायच्या, कोण फसतं ते मोजायचं, मग प्रशिक्षण. लिंकच्या चाचण्यांत आमचा हात बसला. ती वर्षं बरी गेली.

घात केला अटॅचमेंटने. एका बँकेला लिंक नको होती, 'सुधारित वेतनश्रेणी' नावाची वर्ड फाइल हवी होती. फाइलमध्ये टिंबाएवढं चित्र, तेही आमच्या सर्व्हरवरचं. फाइल उघडली की वर्ड ते मागवतं आणि ज्याचा त्याचा आयडी आमच्या लॉगमध्ये पडतो. 214 जणांना मेल गेली, 209 जणांनी उघडली. मी अहवाल तसाच छापून दिला. संचालक मंडळापुढे अध्यक्षांनी शाखाधिकाऱ्यांना उभं करून झापलं. त्यातल्या एक बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, त्या दिवशी मी तिरुपतीला रांगेत होते." सगळे माझ्याकडे बघायला लागले.

काम गेलं, बिल अडकलं ते आजतागायत. मुंबईची एक कोटवाली कंपनी आली. तिने तसलीच चाचणी घेतली, तसलाच आकडा रंगीत गोलात बसवला आणि तीन वर्षांचं कंत्राट खिशात घातलं! तिला कोणी तिरुपती विचारलं नाही. माझा भागीदार नोकरीला लागला. मी ऑफिस सोडून घरच्या गॅलरीत टेबल टाकलं.

त्याच बँकेच्या ईडीपीचे, म्हणजे संगणक विभागाचे, साहेब एका रविवारी घरी आले. "अहो, वेळा बघितल्यात का?" मी फक्त बेरीज बघितली होती. बघितलं तर सगळे हिट, म्हणजे चित्र मागवल्याच्या नोंदी, मेल पोचल्यापासून मिनिटभरातले, नावांच्या अकारविल्हे क्रमाने, दोनच डेटा सेंटरच्या आयपीवरून. बँकेचा मेल गेटवे, म्हणजे येणारी मेल आधी गाळणारी यंत्रणा, प्रत्येक फाइल आपल्या सँडबॉक्समध्ये, म्हणजे वेगळ्या बंदिस्त मशीनवर, उघडून तपासत होता. उरलेल्या पाचांच्या मेलपेट्या भरलेल्या होत्या, म्हणून ते सज्जन ठरले. आणि खरोखर उघडणारे? बाहेरून आलेली फाइल वर्ड प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये, म्हणजे फक्त वाचण्यापुरती, उघडतं. 'एनेबल एडिटिंग' दाबेपर्यंत चित्र मागवतच नाही. काउंटरच्या मशीनला तर इंटरनेटच नाही. म्हणजे ज्यांनी वाचली ते दिसले नाहीत, आणि ज्यांनी हातही लावला नाही ते पकडले गेले.

या धंद्यात नव्याने उतरणाऱ्यांनो, विचारलं नाहीत तरी सांगतो. वर्डची डॉक्स (.docx) फाइल म्हणजे झिपच. उघडून आतली रेल्स (.rels) फाइल, जिच्यात चित्राची लिंक असते, ती डोळ्यांनी बघा. ज्याचा त्याचा आयडी भरायची जागा, म्हणजे व्हेरिएबल, आपण महिरपी कंसात लिहितो. लिंकमधले ते कंस वर्ड टक्क्यांच्या खुणांत बदलतं, मजकुरातलं व्हेरिएबल मध्येच तोडतं, आणि आपली स्क्रिप्ट आयडी न भरताच मुकाट्याने पुढे जाते. मॅक्रोचा, म्हणजे फाइलमध्ये दडवलेल्या छोट्या प्रोग्रॅमचा, नाद सोडा, 2022 पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलींत मायक्रोसॉफ्ट ते अडवतंच. बँकेच्या मेलवर मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर पहारा देत असेल तर बँकेकडून अ‍ॅडव्हान्स्ड डिलिव्हरीत, म्हणजे चाचणीच्या मेल न तपासता सोडण्याच्या त्याच्या सोयीत, नोंद करून घ्या, साध्या व्हाइटलिस्टवर, म्हणजे परवानगी दिलेल्या पत्त्यांच्या यादीवर, विसंबू नका. आणि अहवालात 'उघडली' लिहू नका, 'किमान इतक्यांकडून हिट आला' लिहा. अध्यक्षांना ते आवडत नाही. न आवडू दे.

ती बँक परत आली नाही. साहेबांच्या शब्दावर दुसऱ्या दोन आल्या, त्यांच्यावर आम्ही उभे राहिलो. साहेब आता निवृत्त आहेत. तरी प्रत्येक नव्या चाचणीची पहिली फाइल त्यांच्या घरच्या मेलवर जाते. ते उघडतात, चहा घेतात, मग 'एनेबल एडिटिंग' दाबून फोन करतात, "आला का रे हिट?"