ओटूची रॅम फुल, आता टेक्स्चर आणि एकुलता एक पीसीआय स्लॉट

तर मंडळी, सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीचं ओटू, म्हणजे नव्वदच्या दशकातलं ग्राफिक्सचं वर्कस्टेशन, त्याचं पुढचं अपडेट. आठही स्लॉट भरले, १२८ एमबीच्या आठ स्टिक, म्हणजे १ जीबी, याच्या पुढे हे मशीन जातच नाही. जुन्या पीसीतली एसडीरॅम काढून इथे लावू असं कोणाच्या डोक्यात असेल तर सोडून द्या, हे डिम (रॅमच्या स्टिक) २३९ पिनांचे आहेत, कंपनीचे स्वतःचे, दुसरं काही बसणारच नाही, आणि लावायचे ते पण जोडीजोडीने. मागून अख्खं सिस्टम मॉड्यूल सरकवून बाहेर येतं त्यामुळे काम एकदम आरामात होतं, आजच्या कितीतरी केसपेक्षा बरं. भरून चालू केलं तर हिन्व्ह (मशीनमध्ये काय काय आहे ते सांगणारी) कमांड म्हणते ७६८ एमबी! म्हणजे एक जोडी गायब. कुठली ते शोधायला जोड्या आळीपाळीने हलवून बघितल्या, एका डिमच्या कडेच्या चार-पाच पिनांवर काळपट थर होता, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, परत दाबून बसवला आणि १०२४ दिसले. एवढीच भानगड.

आता खरी गंमत. या मशीनमध्ये रॅम वाढवली की ग्राफिक्सची मेमरी पण आपोआप वाढते, कारण वेगळी व्हिडिओ मेमरी नाहीच. १९९६ ची डिझाइन आहे, सीपीयू, रेंडरिंग, डिस्प्ले, व्हिडिओ, सगळे एकाच एसडीरॅममध्ये जेवायला बसतात. मधे क्राइम नावाची चिप, तीच मेमरी कंट्रोलर आणि तीच रास्टर इंजिन, म्हणजे पिक्सेल रंगवणारी. मेमरी बस १४४ बिटची, त्यातले १२८ डेटाचे आणि बाकीचे ईसीसीचे (चुका पकडून दुरुस्त करायला), १३३ मेगाहर्ट्झवर चालते, म्हणजे साधारण २.१ जीबी प्रति सेकंद. त्या काळात पीसीवाले ३२-बिट ३३ मेगाहर्ट्झ पीसीआयच्या १३३ एमबीवर ग्राफिक्स कार्ड चालवत होते, त्यांचा एजीपी, म्हणजे ग्राफिक्स कार्डचा खास स्लॉट, नुकता कागदावर आला होता.

फ्रेमबफर, म्हणजे स्क्रीनवरच्या चित्राचा डेटा, मेमरीत कसा पडतो ते बघायला लिनक्सचा ड्रायव्हर कोड उघडला होता, फार सुंदर प्रकार आहे. स्क्रीन सलग ठेवत नाहीत, ६४ केबीच्या टाइल्समध्ये तोडतात, एक टाइल ५१२ बाइट रुंद आणि १२८ ओळी उंच. १२८० बाय १०२४ ला ३२ बिट घेतले तर एका ओळीचे ५१२० बाइट होतात, म्हणजे आडव्या बरोबर १० टाइल, उभ्या ८, एकूण ८० टाइल, ५ एमबी. कुठे एक बाइट वाया नाही. आणि टाइल्स रॅममध्ये शेजारी शेजारी असायची पण गरज नाही, त्यामुळे सलग मोठा तुकडा राखून ठेवायची कटकटच नाही.

पण फुकट काही नसतं. ७५ हर्ट्झवर नुसतं चित्र दाखवत राहायला दर सेकंदाला ५ एमबी ७५ वेळा वाचावे लागतात, म्हणजे साधारण ३९३ एमबी, एकूण बँडविड्थच्या जवळजवळ पाचवा हिस्सा, आणि तुम्ही अजून एक त्रिकोण पण काढलेला नाही. उरलेल्यात रेंडरिंग, सीपीयू, डिस्क, सगळ्यांनी भागवायचं. म्हणून मी रिफ्रेश ६० वर आणला, एलसीडीला तसाही फरक पडत नाही.

टेक्स्चरची (आकारांवर चिकटवायच्या चित्रांची) टेस्ट शेजारच्या ऑक्टेनबरोबर, म्हणजे याच कंपनीच्या दुसऱ्या वर्कस्टेशनबरोबर, लावली. ऑक्टेन म्हणजे बरोबर उलटा विचार, मधे क्रॉसबार स्विच (प्रत्येक भागाला स्वतंत्र रस्ता देणारा), त्याच्या प्रत्येक एक्सआयओ पोर्टला एका दिशेने ८०० एमबी प्रति सेकंद, ग्राफिक्स बोर्डवर स्वतःचं जॉमेट्री इंजिन (त्रिकोणांचं गणित करणारं) आणि स्वतःची टेक्स्चर मेमरी. माझ्यात एमएक्सई बोर्ड आहे, टेक्स्चरला ४ एमबी फक्त. साधा टेरेनचा ओपनजीएल प्रोग्रॅम लिहिला आणि टेक्स्चर वाढवत गेलो. ४ एमबीच्या आत ऑक्टेन ओटूला धुवून काढतो, तुलनाच नको. पण ४ एमबी ओलांडले की टेक्स्चर सारखे बोर्डवर आणा, बाहेर काढा सुरू होतं आणि फ्रेमरेट धाडकन खाली. ओटू आधीपासूनच हळू, पण २० एमबी द्या, १०० द्या, तो आपला त्याच चालीने चालत राहतो. मात्र त्रिकोण वाढवले की लगेच रडतो, कारण ट्रान्सफॉर्म आणि लायटिंग (त्रिकोणांची जागा आणि उजेड मोजणं) सगळं सीपीयूच्या डोक्यावर आहे. माझं मत विचाराल तर मॉडेलिंगला ऑक्टेन, आणि सॅटेलाइट फोटो, व्हिडिओ असलं काही असेल तर ओटू. कॅमेऱ्याचा लाइव्ह व्हिडिओ क्यूबवर टेक्स्चर म्हणून फिरवायचा असेल तर ओटूमध्ये तो कुठून कुठे कॉपी करावाच लागत नाही, आहे त्याच बफरचा पत्ता व्हिडिओवाल्याने ग्राफिक्सवाल्याला द्यायचा.

माझ्या ओटूत आर५००० सीपीयू आहे, त्याबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं होतं की त्याजागी आर१०००० का नाही टाकत. दोन कारणं. एक म्हणजे आर५००० च्या बॉडीत दोन डिस्क बे मिळतात, आर१०००० आणि आर१२००० वाल्यात एकच. दुसरं जास्त किचकट आहे, ओटूमध्ये डीएमए (सीपीयूला मधे न घेता थेट मेमरीत येणारा-जाणारा डेटा) आणि सीपीयू कॅश यांचा मेळ हार्डवेअर ठेवत नाही, आणि आर१०००० पुढचं अंदाजाने आधीच चालवून बघतो, त्यात कॅशमधला एखादा तुकडा (कॅश लाइन) उगाच डर्टी, म्हणजे बदललेला, ठरला आणि नंतर मेमरीत लिहिला गेला की डीएमएने आलेला डेटा गेला. आयरिक्सने, म्हणजे कंपनीच्या ऑपरेटिंग सिस्टमने, ते सांभाळलंय, जीसीसी कंपायलरमध्ये तर यासाठी मुद्दाम कॅश बॅरियरचा ऑप्शन आहे, पण मला दुसऱ्या डिस्कवर लिनक्स टाकायचंय तर आर५००० च बरा.

राहिला पीसीआय स्लॉट. अख्ख्या मशीनला एकच, ६४-बिट ३३ मेगाहर्ट्झ, म्हणजे २६६ एमबीच्या आसपास. नेटवर्क १०/१०० आणि अल्ट्रावाइड स्कझी (डिस्कची जोडणी) बोर्डवरच आहे म्हणून कंपनीने एकात भागवलं असेल, पण आपल्यासारख्यांचा जीव जातो ना. कुठलंही पीसीचं कार्ड चालत नाही, कार्डावरचा बूट रॉम एक्स८६ चा असतो, ओटूचा मिप्स प्रोसेसर त्याला ओळखत पण नाही, आणि आयरिक्समध्ये ड्रायव्हर नसेल तर कार्ड नुसतं शोभेला. गिगाबिट टाकावं की यूएसबी यावर माझं अजून ठरत नाहीये. गिगाबिट टाकलं तरी पॅकेट हाताळायला हा सीपीयू पुरा पडणार नाही असं वाटतं, यूएसबीला आयरिक्स ६.५ मध्ये कीबोर्ड-माउस आणि ऑडिओपलीकडे फारसं काही नाही. तोपर्यंत स्लॉट रिकामाच, आणि पुढच्या वेळी ८० पिनांच्या स्कझी डिस्कच्या जागी एसडी कार्डवाला ॲडॅप्टर, तो बेच्या स्लेडमध्ये (डिस्क सरकवायच्या ट्रेमध्ये) नीट बसतो का तेवढं मोजायचंय.