लिनक्सवर तानपुरा हरवतो कुठे?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या कितीतरी मराठी घरांत गाण्याची शिकवणी आता संगणकावर व्हिडिओ कॉलने चालते. जुन्या डेस्कटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही सिस्टिम टाकली, सगळं सुरू झालं आणि स्पीकर मात्र गप्प, असं झालं की लोक वैतागून पुन्हा इन्स्टॉल करतात. कृपया तसं करू नका. पुन्हा टाकल्यावर तीच मूळ सेटिंग्ज परत येतात आणि आवाज तिथेच अडून बसतो. १९१८ साली माधव संगीत महाविद्यालय ज्या गावात सुरू झालं, त्या ग्वाल्हेरात तरी तानपुरा नीट ऐकू यायला हवा.

लिनक्समध्ये आवाजाच्या वाटेवर थर आहेत. सगळ्यात खाली कर्नलमधला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातला अल्सा, तो साउंडकार्ड चालवतो. त्याच्यावर अॅप्सचा आवाज गोळा करून खाली पाठवणारा थर: पूर्वी तो पल्सऑडिओ असायचा, आता पाइपवायर असतो. लिनक्सच्या फेडोरा या प्रकारात २०२१ च्या ३४ व्या आवृत्तीपासून, उबुंटू या प्रकारात २२.१० पासून. म्यूट आणि व्हॉल्यूम वरच्या थरालाही आहे, खालच्यालाही. वरची पट्टी १०० टक्के दाखवत असताना खाली चॅनल बंद असू शकतो, आणि माणसं हैराण होतात ती इथेच.

आधी सेटिंग्जमधल्या साउंडमध्ये आउटपुट कोणतं निवडलंय ते बघा. मॉनिटर एचडीएमआयने जोडला असेल तर सिस्टिम पुष्कळदा त्यालाच आवाज पाठवते, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नसतात. तिथे अॅनालॉग किंवा लाइन आउट निवडा. तरी शांतता असेल तर टर्मिनल उघडून अल्सामिक्सर (alsamixer) चालवा, एफ६ दाबून खरं साउंडकार्ड निवडा. मास्टर, फ्रंट, हेडफोन यांच्यापैकी कुणाखाली ‘एमएम’ दिसलं तर तो चॅनल म्यूट आहे. त्यावर जाऊन एम दाबा. तिथेच ‘ऑटो-म्यूट मोड’ असतो. पुढच्या जॅकमध्ये हेडफोनची पिन राहिली असेल तर हा मोड मागचे स्पीकर बंद ठेवतो.

पुढचा जॅकच मेलेला वाटत असेल तर कॅबिनेट उघडा. जुन्या कॅबिनेटच्या पुढच्या पॅनेलमधून दोन कनेक्टर येतात, एकावर ‘एचडी ऑडिओ’ आणि दुसऱ्यावर ‘एसी ९७’ लिहिलेलं असतं. मदरबोर्डला एसी ९७ वाला लावला असेल तर पिन घातल्याचं बोर्डाला कळतच नाही. एचडी वाला लावा. मोबाइलचा इअरफोन डेस्कटॉपला लावून माइक चालत नाही, त्याचं कारणही साधं आहे: त्या पिनवर चार पट्टे असतात, गुलाबी सॉकेट तीन पट्ट्यांचं. माइक आणि हेडफोन वेगळे करणारा स्प्लिटर लागतो.

आता खरा त्रास. आवाज पोचतो, गळा ऐकू येतो, पण तानपुरा दोन-चार सेकंदांत विरून जातो. माइक बदलून काही होत नाही, कारण दोष माइकचा नसतोच. कॉलची सॉफ्टवेअर बोलण्यासाठी घडवलेली आहेत. जो आवाज एकसारखा, न बदलता चालू राहतो त्याला ती गोंगाट समजतात आणि कापतात. पंखा आणि तानपुरा त्यांच्या लेखी एकच! म्हणून झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ चालू करा, गूगल मीटमध्ये नॉइज कॅन्सलेशन बंद करा. एको कॅन्सलेशनही बंद करायचं असेल तर कानाला हेडफोन हवाच, नाहीतर गुरुजींचा आवाज त्यांनाच परत ऐकू जाईल. गाताना माइकची पट्टी आपोआप खालीवर सरकत असेल तर तो ऑटोमॅटिक गेन. तार षड्जाला पातळी खाली ओढली जाते आणि पुढचा मंद्र हळूच निघून जातो. तोही बंद करा. माइक बूस्ट साधारण १० डेसिबलच्या पायऱ्यांनी चढतो. ३० वर ठेवला की नुसती सरसर वाढते. १० वर ठेवून माइक जवळ आणणं केव्हाही चांगलं.

ब्लूटूथ हेडफोन शिकवणीला वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. नुसतं ऐकताना तो एटूडीपी (A2DP) या संगीताच्या प्रोफाइलवर असतो, आवाज छान येतो. त्याचाच माइक चालू झाला की तो हेडसेट प्रोफाइलवर उतरतो: मोनो आवाज, सॅम्पल रेट ८ किंवा १६ किलोहर्ट्‌झ. ८ किलोहर्ट्‌झच्या सॅम्पल रेटवर ४ किलोहर्ट्‌झच्या वरचं काहीच उरत नाही, म्हणजे जवारीची, तानपुऱ्याच्या तारेच्या झंकाराची, झळाळी गेली. ब्लूटूथच हवा असेल तर पाव्हूकंट्रोल (pavucontrol) या आवाजाच्या सेटिंग्जच्या अॅपमधल्या कॉन्फिगरेशन टॅबमध्ये तो एटूडीपीवर ठेवा आणि माइक वेगळा, तारेचा लावा.

रेकॉर्डिंगमध्ये सा चा पहिला क्षण कापला जात असेल किंवा प्लेबॅकच्या सुरुवातीला ‘टक्’ होत असेल तर साउंडकार्ड झोपलेलं आहे. पाच सेकंद काही वाजलं नाही की पाइपवायरचा सोबती वायरप्लंबर त्याला थांबवतो. तानपुऱ्याचं अॅप मागे चालू राहिलं की ते जागं राहतं.

ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक जपा. ट्रॅकच्या मेनूतला रेट ४४१०० वरून ४८००० केला की आवाज जवळजवळ दीड अर्धस्वराने चढतो. काळी एकची बंदिश पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्ये लटकते, पेटीशी जुळता जुळत नाही. रेट बदलायचाच असेल तर रिसॅम्पल वापरा.

घूं असा ५० हर्ट्‌झचा आवाज येत असेल तर संगणक, अॅम्प्लिफायर आणि इलेक्ट्रॉनिक तानपुरा विजेच्या एकाच बोर्डावर लावून बघा. अर्थिंगची पिन मात्र कुणी काहीही सांगितलं तरी काढायची नाही.