साळिंदराचा काटा पाण्यात

इंग्लंडमधल्या जुन्या बाजारात गळाच्या फ्लोटांनी (पाण्यावर तरंगून मासा लागल्याचं सांगणाऱ्या काड्यांनी) भरलेला पत्र्याचा डबा दिसला, की नजर आधी लाल-हिरव्या शेंड्यांवर जाते. बघायची असते ती बुडाकडची तारेची कडी. ती रेशमी दोऱ्याने काडीला घट्ट बांधून वर वार्निश दिलेलं असतं. नखाने कडी हलवून पाहावी. हलली, तर वार्निशला तडा गेलाय आणि पाणी तिथूनच आत शिरणार. शेंड्याचा उडालेला रंग त्यामानाने किरकोळ. नवा रंग देऊन नटवलेल्या फ्लोटापेक्षा असा वापरून झिजलेलाच बरा.

काडी कशाची, यावर बाकीचं ठरतं. कलहंसाच्या पिसाची नळी आतून पोकळ; बारीक चीर पडली तरी पाणी भरून फ्लोट हळूहळू खाली बसतो आणि मासा ओढतोय असा भास होत राहतो. साळिंदराच्या काट्यात पांढरा भुसभुशीत गाभा असतो, त्यामुळे गळती लागली तरी तो एकदम दगा देत नाही. मोरपिसाची दांडी फार हलकी, म्हणून वजन जास्त पेलते. काही फ्लोटांची काडी तर आपल्या उत्तरेकडच्या नदीकाठच्या सरकंड्याची, म्हणजे उंच बोरूसारख्या गवताची असते आणि इंग्रज गळवाले तिला त्याच नावाने ओळखतात. साळिंदराचे काटे मात्र आपल्या रानातून वेचायच्या भानगडीत पडू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो प्राणी येतो.

गळतीची शंका असेल तर कोरडा फ्लोट सोनाराच्या छोट्या काट्यावर तोलावा, रात्रभर पाण्यात दाबून ठेवावा, पुसून पुन्हा तोलावा. वजन वाढलं तर जुना दोरा ब्लेडने सोडवून काढायचा, काडी चार-पाच दिवस सावलीत वाळवायची आणि कडी नव्याने बांधायची. दोऱ्याचे वेढे एकमेकांना चिकटून हवेत. शेवटच्या सात-आठ वेढ्यांखाली वेगळ्या दोऱ्याचा फास ठेवून त्यातून टोक ओढून घेतलं, की गाठ लागत नाही. मग आधी लाखेचे दोन हात, त्यावर वार्निशचे तीन पातळ हात, प्रत्येकामध्ये एक दिवस. लाख टाळली तर वार्निश रेशमात मुरतं आणि पिवळा दोरा काडीच्याच रंगाचा दिसू लागतो. जुना रंग घासायचाच झाला तर पाणी लावून घासावा, कारण त्यात शिसं असू शकतं.

शिशाचा प्रश्न डब्यातल्या छर्ऱ्यांचा, म्हणजे दोरीला लावायच्या बारीक वजनांचाही आहे. छर्रे गिळून राजहंस मरत होते, म्हणून १९८७ पासून ब्रिटनमध्ये ०.०६ ते २८.३५ ग्रॅमच्या शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी आली. फ्लोटांबरोबर मिळालेले जुने छर्रे बाजूला काढावेत आणि बिनविषारी घ्यावेत. त्यांची मापं अक्षरांनी सांगतात: एसएसजी १.६ ग्रॅम, एएए ०.८, बीबी ०.४. कोणता फ्लोट किती पेलतो हे घरीच उंच बरणीत बघून घ्यावं; शेंडा सेंटीमीटरभर वर राहिला की पुरे.

जुन्या काडीची खरी मजा टेंच या गोड्या पाण्यातल्या माशाच्या गळात. मोरपिसाची दांडी फक्त बुडाशी, एकाच रबराने दोरीवर बसवायची. गरीपासून (आमिष लावायच्या आकड्यापासून) पाच-सात सेंटीमीटरवर एकच एसएसजी छर्रा, फ्लोटाला एकट्याने बुडवेल असा. फ्लोट आणि गरी यांतलं अंतर पाण्याच्या खोलीपेक्षा थोडं जास्त ठेवायचं. काठी टेकूवर ठेवून दोरी हळूहळू ताणत गेलं, की आडवी काडी उभी राहते. टेंच तळाशी तोंड लावून आमिष उचलतो, तेव्हा छर्राही उचलला जातो. वजन सुटलेली काडी वर उसळते आणि आडवी होते. झटका तेव्हाच द्यायचा, ती बुडायची वाट बघायची नाही. वारा सुटला तर हा प्रकार सोडून द्यावा. दोरीला पोट येतं आणि काडी उगाचच आडवी पडत राहते.

रबरं मात्र जुनी वापरू नयेत. ती चिकट तरी झालेली असतात किंवा फुटतात. सिलिकॉनच्या नळीचे तीन-चार मिलिमीटरचे तुकडे कापून, ओले करून चढवावेत. घरी आल्यावर फ्लोट रात्रभर उघडेच राहू द्यावेत आणि मगच डब्याला झाकण लावावं. सेल्युलॉइडचे (जुन्या प्रकारच्या प्लास्टिकचे) असतील ते निराळे ठेवायचे: ते जुने होताना आम्लाच्या वाफा सोडतात आणि शेजारच्या फ्लोटांच्या कड्या खातात. त्यांना ॲसिटोन लागलं तर विरघळतात, आणि काडेपेटीपासून तर लांबच ठेवावेत.