कालचं भोक

शिवडीतल्या त्या जागेवर भरावाखाली खाडीचा मऊ गाळ होता आणि गाळाखाली पिवळसर कडक चिकणमाती. तीन तळघरांची खोदाई व्हायची होती. लगतच जुनी चाळ, भरलेली. खोदाईची भिंत किती मिलिमीटर झुकेल, चाळीखालची जमीन किती खचेल, हे त्या कडक मातीच्या ताठरपणावर अवलंबून होतं.

एसपीटीचे, म्हणजे जमिनीत नळी ठोकून घेतलेल्या चाचणीचे, आकडे होते. पण ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून टाकून मोजलेल्या ठोक्यांवरून ताठरपणा काढणं हा अंदाजच. लॅबचं सॅम्पलही मला पुरेसं वाटत नाही. नळीत शिरताना, वर येताना माती दुखावते आणि आहे त्यापेक्षा मऊ निघते. म्हणून प्रेशरमीटर आणला. लुई मेनार या फ्रेंच इंजिनियरने १९५०च्या दशकात घडवलेलं हे साधन. रबरी प्रोब भोकात सोडायचा, टप्प्याटप्प्याने दाब देऊन फुगवायचा आणि भोकाची भिंत किती सरकते ते मोजायचं.

११ मीटरवरच्या पहिल्या चाचणीत फुगवायचं पाणी प्रोबमध्ये जात राहिलं, दाब मात्र चढेना. आकडा आला तो वरच्या गाळाला शोभेल असा. एसपीटीत तर तिथे २२ ठोके लागले होते, म्हणजे माती कडक.

"कमीच आहे ना? मग लिहून टाका, सेफ साइड," साइटवरचा एक इंजिनियर म्हणाला.

भोक पाडणाऱ्या रिगवरचे काका पाइप पुसत होते. ते म्हणाले, "साहेब, हे भोक कालचं हाय. रातभर पाण्यात भिजलंय."

तेच होतं. वरचा भार सुटला की कडक चिकणमाती पाणी पिते, फुगते, मऊ पडते. आम्ही मोजत होतो ती भोकाची भिजलेली साल!

दोन मीटर बाजूला नवं भोक घ्यायचं ठरलं. अर्धा दिवस जाणार म्हणून बरीच कुरकुर झाली. काकांनी बिट बदलली, पाणी कमी ठेवलं आणि शेवटचा मीटर इतक्या सावकाश उतरवला की मला घड्याळ बघवेना. त्यानंतर वीस मिनिटांत प्रोब खाली होता. या वेळी दाब पहिल्या काही टप्प्यांतच चढू लागला. मध्येच दाब उतरवून पुन्हा चढवला. त्या फेऱ्यात भोकाच्या भिंतीच्या दुखावलेपणाचा परिणाम बराच गळून पडतो, म्हणून खोदाईच्या भिंतीच्या हिशेबाला मी तोच धरतो. साधा आकडाच पहिल्याच्या जवळपास तिप्पट आला, फेऱ्याचा त्याहून वर.

पहिली चाचणी मी अहवालात ठेवली, कारण लिहून बाद केली. भोक किती वाजता पुरं झालं आणि प्रोब किती वाजता आत गेला, यासाठी आमच्या तक्त्यात रकाना नव्हता. तो त्या संध्याकाळी पट्टीने आखला आणि पहिली वेळ काकांना विचारून भरली.