सोलापूर–मुंबई ३६२ किलोमीटर, पण शेवटचा तुकडा हाती लागेना

विमानांचे रेडिओ संदेश पकडणारी उंच कोलिनियर अँटेना अखेर गच्चीवर चढली. जुन्या सात सेंटिमीटरच्या काडीपेक्षा फरक जबरदस्त आहे. होटगी रोडला, म्हणजे आपल्या सोलापूर विमानतळावर, विमान धावपट्टीकडे निघालं की लगेच डम्प१०९० मध्ये (हे संदेश वाचणारा प्रोग्राम) दिसायला लागतं, त्यामुळे चाकं सुटल्याची वेळ सेकंदात मिळते. हे नुसतं बघत बसण्यातही मजा आहे. केबल टीव्हीवाल्याकडचीच पंच्याहत्तर ओहमची आरजी६ वायर वापरली. पन्नास ओहमचा हट्ट असेल त्यांनी खुशाल महागडी मागवावी. पाच-सहा मीटरला पंच्याहत्तरनं काही बिघडत नाही.

मुंबईच्या विमानाला प्रत्यक्षात किती वेळ लागतो, हे गणित मात्र अजून अडलेलंच. हॅवरसाइननं (पृथ्वी गोल धरून अंतर काढायचं सूत्र) ३६२ किलोमीटर येतात, जास्त काटेकोर विन्सेंटीनं फरक किलोमीटरच्या आतच. म्हणजे अंतराचं भांडण मिटलं. ताशी ८०० नं भागलं की २७ मिनिटं, आणि तिकिटावर त्याच्या दुपटीहून जास्त! ही वरची मिनिटं जातात कुठे, हे शोधायचंय.

सुरुवातीचा हिशेब लागतोय. आपली धावपट्टी १५/३३, म्हणजे एका टोकाचं नाव पंधरा, दुसऱ्याचं तेहतीस (होकायंत्राच्या अंशांचा दहावा भाग). तेहतीसवरून उडालं तर नाक वायव्येला, जवळपास मुंबईच्याच वाटेवर. पंधरावरून उडालं तर आधी आग्नेयेला जाऊन वळसा, तो ट्रॅकवर सरळ मोजता येतो.

घोळ आहे तो शेवटाला. घाटाच्या आसपास विमान खाली यायला लागलं की गायब! फिल्टर बदलला, गेन वरखाली केला, पाइप आणखी उंच केला. काही उपयोग नाही, कारण अडथळा पृथ्वीच्या गोलाईचा आहे. उंचीच्या (मीटर) वर्गमूळाला ४.१२ नं गुणलं की क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. गच्चीची उंची जमेस धरूनही मुंबईवरचं विमान इथून दिसायला सात हजार मीटरच्या वर हवं. उतरायला आलेलं विमान तिथे कशाला असेल? आणि नेमकी तिथेच मिनिटं सांडतात. मुंबईच्या सत्तावीसवर (पश्चिमेकडे तोंड करून) उतरायचं असेल तर आपल्या बाजूनं येणाऱ्याला जवळपास सरळ रस्ता. त्याच पट्टीचं उलटं टोक, नऊ, चालू असेल तर समुद्रावर जाऊन परत फिरायचं. वर रांग असली तर घिरट्या वेगळ्याच.

म्हणून मुंबई बाजूला ठेवून आधी गोवा घ्यायचं ठरवलंय. ९ जून २०२५ पासून एटीआर (पंख्याचं छोटं विमान) जातंय, मोपापर्यंत (उत्तर गोव्यातला विमानतळ) सरळ रेषेत साधारण ३०३ किलोमीटर, ताशी ५०० नं ३६ मिनिटं. तेही शेवटी दिसेनासं होतं, पण तिकडे मुंबईइतकी गर्दी नाही, त्यामुळे उरलेला भाग अंदाजानं जोडता येईल. पावसाळ्याच्या नोंदी वेगळ्या ठेवणार; पश्चिमेचा वारा जाताना समोरून, येताना पाठीशी.

हे टाइप करतानाच सुचलं: परतीचं विमान का नको? तिथलं उड्डाण दिसणार नाही, पण इथलं उतरणं चाकं टेकेपर्यंत दिसतं. दोन्ही फेऱ्या जोडल्या की सोलापूरकडचे दोन्ही तुकडे पक्के. उरतो फक्त मुंबईकडचा.

त्यासाठी पनवेल-कल्याण पट्ट्यात कोणाची अँटेना चालू असेल तर नोंदी हव्यात. घड्याळ एनटीपीवर (इंटरनेटवरून वेळ जुळवणं) असू द्या, आणि जमिनीवरच्या विमानांचे संदेश गाळू नका.